बंद पडलेल्या संगणकातील ठेव

आमचे अनसिंग हे वाशीम जिल्ह्यातले, वाशीम-पुसद रस्त्यावरचे गाव. 2024 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज दोनदा गेली नि आली, आणि आमचा घरचा संगणक बंद पडला तो पडलाच. बटण दाबले की पंखा फिरे, पडदा मात्र काळाच राही. यंत्र जुने होते, त्याचे एवढे दुःख नव्हते. पण त्यात माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई 2020 साली गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

दुकानात नेला, तर तिथला मुलगा म्हणाला, "गुरुजी, नवीन विंडोज टाकून पाहतो. घंट्याभरात मशीन सुरू."

"अन् आतलं?"

"आतलं सारं जाईन."

त्याने खरे सांगितले हे उपकारच. मी यंत्र तसेच उचलून घरी आणले आणि अकोल्यास भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आता त्याले हात लावू नका. मशीन बंद पडलं, ओव्या नाही गेल्या."

मंडळी, हाच भेद आज सांगावयाचा आहे. कोठीचे कुलूप अडकले म्हणून आतली जवारी नासत नाही. संगणकात वीज पुरविणारा भाग वेगळा, सर्व भाग जोडणारी पाटी म्हणजे मदरबोर्ड वेगळा, आणि आपले लिखाण, फोटो, आवाज जिथे साठतात ती डिस्क वेगळी. पहिल्या दोहोंपैकी एक बिघडला तरी यंत्र उठत नाही. डिस्क मात्र बहुधा शाबूत असते. कधी विंडोजच बिघडते. तेव्हाही आपल्या फायली डिस्कवर असू शकतात. त्या जातात त्या बहुतेक वेळा आपल्याच घाईने, डिस्क पुसून नवे काही टाकल्यामुळे.

मग करावे काय? आधी वीज, तारा, पडद्याची जोडणी पाहावी. नंतर कान द्यावा. डिस्कमधून टक् टक् किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर यंत्र लगेच बंद करावे. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. ती टेकली की प्रत्येक फेरीला ओरखडा वाढतो. असे काम तज्ज्ञाकडेच द्यावे.

आवाज नसेल, तर दोन वाटा आहेत. विंडोजच तेवढे बिघडले असेल, तर दुसऱ्या संगणकावर एका पेन ड्राइव्हवर उबंटू ही मोफत मिळणारी प्रणाली तयार करावी आणि आपला संगणक त्यावरून सुरू करावा. ती यंत्रात बसवू नये, नुसती चालवून पाहावी. डिस्कवरील फायली दिसू लागतात. त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

यंत्रच मेले असेल, तर डिस्क काढून तारेने दुसऱ्या संगणकाला जोडावी. लॅपटॉपची लहान डिस्क त्या तारेतूनच वीज घेते. टेबलावरच्या संगणकाच्या मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. 'युजर्स' नावाच्या कप्प्यात आपल्या नावाखाली सारे सापडते. मात्र दुसरा संगणक "ही डिस्क फॉरमॅट करू काय?" असे विचारील, तर "नाही" म्हणावे. फायली त्याच डिस्कवर परत ठेवू नयेत.

नव्या यंत्रांविषयी दोन गोष्टी. पुष्कळांत डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप असते. त्याची 48 आकड्यांची किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच वहीत उतरवून ठेवावी. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण पाटीलाच जोडलेली असते, ती काढताच येत नाही.

आमच्या यंत्राची पाटी जळाली होती. रविवारी भाचा आला, त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. थोड्या वेळाने घरात आईचा आवाज आला. आमची सौ. चुलीपाशी होती, ती तशीच उठून दारात आली. कोणी काही बोलले नाही.

वऱ्हाडातल्या रिद्धपुराशी नाते सांगणाऱ्या लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभी धाडीत हरवली. महानुभावांनी तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहून काढला. म्हणूनच त्याचे पाठभेद झाले. त्यांना पाठ होते म्हणून ग्रंथ उरला. आपल्याला तर काहीच पाठ नसते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेचे निकाल असोत की घरचे फोटो, दोन प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सहामाहीला त्या उघडून पाहा. ओव्यांची एक प्रत आता अकोल्यास आहे.