नवी नोंद आणि जुन्या नोंदीची दुरुस्ती
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या कपाटातील सर्व दप्तरांत जनरल रजिस्टर हे एक असे आहे की, ज्याची गरज विद्यार्थ्याला शाळा सोडून चाळीस वर्षे झाल्यावरही पडते. दाखला त्यातूनच उतरतो, आणि त्यातील एक आकडा चुकला तर नोकरी, निवृत्तिवेतन, वारसाहक्क अशा ठिकाणी तो माणूस अडतो. हेच रजिस्टर आता संगणकातही नांदू लागले आहे. २०१५ साली महाराष्ट्रात 'सरल' प्रणाली आली. तेव्हापासून पडद्यावरील रकाने भरून कळ दाबणे हे आपल्या अंगवळणी पडले आहे. कळ दाबल्यावर आत काय घडते, हा आजचा विषय होय.

अशा बहुतेक प्रणालींच्या पोटात माहिती तक्त्यांच्या रूपाने असते. एका मुलाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत तेच ते रकाने. ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. त्या तक्त्यांशी बोलण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली पुढे आणली. तीच आजची एसक्यूएल. ती यंत्राला रोमन लिपीत द्यावी लागते. येथे मी तिचे उच्चार तेवढे देवनागरीत देत आहे.

नवे मूल दाखल झाले की आज्ञा अशी असते:

इन्सर्ट इंटू विद्यार्थी (क्रमांक, नाव, इयत्ता) व्हॅल्यूज (१२१७, 'सुनीता', १);

रकान्यांची नावे आधी सांगावीत आणि मूल्ये त्याच क्रमाने द्यावीत. नावे गाळली तरी आज्ञा पुष्कळदा चालते. पण मग मूल्ये तक्त्यातील क्रमानेच बसतात, आणि उद्या कोणी रकाना वाढविला की घोटाळा होतो. वरच्या आज्ञेत जन्मतारीख दिलेली नाही, हे आपल्या ध्यानी आले असेल. जो रकाना दिला नाही तो, दुसरी काही तजवीज केलेली नसल्यास, 'नल' म्हणजे अज्ञात राहतो. अज्ञात म्हणजे शून्य नव्हे, कोरी अक्षरेही नव्हेत. आपल्याकडे एका काळी जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे त्या पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! त्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही, कागदावरचा रकाना कोरा सोडण्याची त्यांना सोय नव्हती. तक्त्यात मात्र 'ठाऊक नाही' असे प्रामाणिकपणे लिहिता येते. पुढे अशी मुले शोधताना 'जन्मतारीख = नल' असे विचारू नये; त्याला एकही ओळ सापडत नाही. 'जन्मतारीख इज नल' असे विचारावे.

आता दुरुस्ती. सुनीता दुसरीत गेली:

अपडेट विद्यार्थी सेट इयत्ता = २ व्हेअर क्रमांक = १२१७;

या वाक्याचा सारा जीव 'व्हेअर' या शब्दात आहे. तो विसरला तर तक्त्यातील प्रत्येक मूल दुसरीत जाते. इयत्तेऐवजी जन्मतारीख असती तर काय अनर्थ झाला असता, याची कल्पना आपणच करावी. यंत्र याला चूक म्हणत नाही. इतक्या ओळी बदलल्या, एवढाच आकडा ते शांतपणे सांगते. उलट अटीत बसणारी ओळच नसेल, तर शून्य ओळी बदलल्या असे सांगते आणि तीही चूक मानीत नाही. म्हणून तो आकडा वाचलाच पाहिजे. जाणती माणसे प्रथम तीच अट घालून 'सिलेक्ट'ने ओळी पाहून घेतात. मग 'बिगिन' म्हणून व्यवहार उघडतात, दुरुस्ती करतात, आकडा अपेक्षेप्रमाणे असला तर 'कमिट' म्हणतात, नसला तर 'रोलबॅक' म्हणून सारे पूर्ववत करतात. व्यवहार उघडलाच नसेल तर बहुधा प्रत्येक आज्ञा तत्काळ पक्की होते. मग रोलबॅकचा उपयोग नाही.

खरी परीक्षा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वेळी होते. दिवाळीच्या सुमारास कुटुंब साखर कारखान्याच्या तळावर जाते. मूल तेथील शाळेत बसते आणि हंगाम सरल्यावर परत येते. त्याची ओळ आधीपासून आहे की नव्याने घालावयाची? आधी शोधावे व नसल्यास घालावे, हे सरळ दिसते. परंतु दोन शाळांतून दोघांनी एकाच क्षणी शोधले, तर दोघांनाही 'नाही' असे उत्तर येते आणि एकाच मुलाची दोन मुले होतात. यावर उपाय असा की, विद्यार्थ्याचा क्रमांक तक्त्यात अनन्य ठरवून ठेवावा, आणि 'असल्यास दुरुस्त कर, नसल्यास घाल' ही एकच आज्ञा द्यावी. पोस्टग्रेस या प्रणालीत २०१६ पासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट' या शब्दांनी हे साधते. नावावर ही ओळख सोपवू नये. आपण 'सुनिता' हेही ओळखतो; यंत्राच्या लेखी ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने ती दुसरी मुलगी होते.

'रिप्लेस' नावाची एक सोपी दिसणारी आज्ञा काही प्रणालींत आहे. ती मला आवडत नाही. ती जुनी ओळ काढून टाकते व नवी घालते. आपण न दिलेल्या रकान्यांतील जुनी माहिती त्यात जाते. आईचे नाव एकदा भरलेले होते, आता कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर कधीकधी येथे असते.

राहिली एक गोष्ट. कागदी रजिस्टरात आपण चुकीच्या नोंदीवर एक रेघ ओढतो, वर तांबड्या शाईने बरोबर नोंद लिहून सही करतो. खालचे जुने अक्षर वाचता येते. 'अपडेट' जुने मूल्य मागे ठेवीत नाही. यास्तव जेथे जन्मतारीख, नाव किंवा जात यांची दुरुस्ती होते, तेथे दुसरा एक तक्ता असावा आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर त्याच व्यवहारात त्यात एक नवी ओळ पडावी: विद्यार्थी क्रमांक, रकाना, जुने मूल्य, नवे मूल्य, कोणाच्या आदेशाने, आदेशाचा दिनांक. या तक्त्यात केवळ 'इन्सर्ट'ची मुभा असावी. 'अपडेट'ची कोणालाही नसावी, मुख्याध्यापकांनासुद्धा.