भट्टीशेजारचे उद्यान

उद्योग आणि निसर्ग यांचा मेळ घालणारे प्रकल्प वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना दिले जातात, तेव्हा शाश्वतता, म्हणजे पुढील पिढ्यांची साधने न संपवता केलेली रचना, पुष्कळदा गच्चीवरील हिरवळीपुरतीच उरते. जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे १९८५ मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचे उद्यान करताना भूदृश्यरचनाकार पीटर लाट्झ यांनी झोतभट्ट्या, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढण्याच्या उंच भट्ट्या, जागच्या जागी राखल्या. खनिजाच्या कोठारांत बागा लावल्या गेल्या, वायूच्या टाकीत पाणी भरून पाणबुड्यांसाठी सोय झाली, आणि उघड्या नाल्यातील सांडपाणी जमिनीखालच्या नळातून वळवून त्याच पात्रात पावसाचे स्वच्छ पाणी सोडण्यात आले, हा भाग तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे.