काळा किल्ला : खाडीकाठचा पहारेकरी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बसच्या पाटीवर ‘काळा किल्ला’ हे नाव आपण सगळ्यांनी वाचलंय. पण धारावीतला तो किल्ला किती जणांनी पाहिलाय? नावाला किल्ला, खरं तर टेहळणीचा बुरूज. त्याला रिवा किल्ला असंही म्हणतात. भिंती काळ्या पाषाणाच्या, म्हणून काळा.

भिंतीतल्या शिलालेखावर गव्हर्नर जॉन हॉर्न यांचं नाव आणि १७३७ साल कोरलेलं आहे. त्याच साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं. खाडीपलीकडे मराठे आले म्हटल्यावर इंग्रजांना अलीकडचा काठ राखणं भागच होतं. पश्चिमेला माहीमचा किल्ला, पूर्वेला शीवचा, मधे हा.

आज भरावामुळे खाडी मागे सरली आहे, भोवती दाटीनं घरं उभी आहेत. टेहळणी संपली, तो दगड मात्र अजून साल सांगतो. हुकूम कोणाचा, तेही सांगतो. दगड वाहणाऱ्यांची, रात्री जागणाऱ्यांची नावं त्यावर नाहीत.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. मी बँकेतला माणूस, नोंदीला मान देणारा. म्हणून विनंती एवढीच, की या स्मरणिकेत पहिल्या कमिटीच्या नावांबरोबर आपल्या वॉचमनचीही नावं छापा.