शिक्षणातील प्रयोग: सिद्ध काय होते आणि कोठवर

एखादी अध्यापनपद्धती उपयुक्त ठरली असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या विधानाच्या पोटात एक तुलना असते: ती पद्धती ज्या मुलांना मिळाली ती मुले, आणि ज्यांना मिळाली नाही ती. ही मुले आरंभीच सारखी नसतील, तर उत्तरचाचणीत दिसलेला फरक पद्धतीचा की घरच्या परिस्थितीचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही. म्हणून प्रायोगिक गटात कोण जाईल आणि नियंत्रित गटात कोण राहील हे चिठ्ठी टाकून ठरवण्याची, म्हणजेच यादृच्छिक वाटणीची, रीत आली. रोनाल्ड फिशर यांनी ती १९२० व १९३०च्या दशकांत शेतीच्या प्रयोगांतून रूढ केली हे सर्वश्रुत आहे. तथापि त्याच्या कितीतरी आधी, १८८०च्या दशकात, चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनांतील सूक्ष्म फरक माणसाला कितपत जाणवतो हे तपासताना वजनांचा क्रम पत्ते पिसून ठरवला होता, त्यामुळे ही रीत मानसशास्त्राला परकी आहे या आक्षेपात तथ्य नाही.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३ मध्ये शैक्षणिक संशोधनासाठी जी मांडणी केली, तिच्यात दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. दिसलेला फरक खरोखर त्या उपायामुळेच पडला का, हा अंतर्गत सप्रमाणतेचा प्रश्न. आणि तोच फरक अन्य मुलांत, अन्य गावी, अन्य काळी पडेल का, हा बाह्य सप्रमाणतेचा. यादृच्छिक वाटणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसऱ्याविषयी मौन पाळते. आजच्या वादातील बराचसा गोंधळ या मौनाला होकार समजण्यातून उद्भवलेला आहे.

वर्गाच्या पटसंख्येचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे बालवर्ग ते तिसरीपर्यंतची हजारो मुले १३ ते १७ पटाच्या आणि २२ ते २५ पटाच्या वर्गांत यादृच्छिकपणे वाटली गेली, आणि लहान वर्गांतील मुले वाचन व गणित या दोन्हींत पुढे गेली. या निष्कर्षाला पुढे जवळजवळ नियमाचा मान मिळाला. मुंबई आणि बडोदे येथील पालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात जो प्रयोग झाला, त्यातून मात्र निराळे उत्तर निघाले. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेत. रिकामी खोली मिळाली तर तीत, नाही तर पटांगणात किंवा व्हरांड्यात बसवून पहिली-दुसरीत यायला हवे होते ते अक्षरवाचन आणि संख्याज्ञान पक्के करून घेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांत तिसरीला आणि उरलेल्या शाळांत चौथीला बालसखी दिली, त्यामुळे कोणतीच शाळा पूर्णपणे वंचित राहिली नाही आणि तुलनाही साधली. नियंत्रित गटाला लाभापासून दूर ठेवणे हा अन्याय आहे, या आक्षेपाला दिलेले हे फार विचारी उत्तर होते.

दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ आढळली. (प्रमाण विचलन हे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप असून, या वाढीचा अर्थ असा की शंभर मुलांत खालून पन्नासाव्या स्थानी असलेले मूल साधारण एकसष्टाव्या स्थानी पोहोचते.) बालसखीकडे न गेलेली, वर्गातच राहिलेली मुले त्या दोन तासांत आपोआपच लहान पटाच्या वर्गात बसत होती, आणि तरीही त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे लाभ पट कमी झाल्याचा नव्हता, मुलाला जे येत नाही तेथून शिकवल्याचा होता. एका वर्षानंतर पुन्हा पाहिले तेव्हा ती वाढ सुमारे ०.१० वर आलेली होती. या दुसऱ्या आकड्याची चर्चा पहिल्याच्या मानाने फारच कमी होते.

खरी शिकवण पुढील अपयशांत आहे. २००८ पासून बिहारमध्ये हीच रीत सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात वापरली तेव्हा मुले पुढे गेली. शाळा सुरू झाल्यावर प्रशिक्षण व साहित्य देऊनही शिक्षक पाठ्यक्रम संपवण्याच्या जुन्याच वाटेने गेले, आणि उत्तराखंडात तर काहीच परिणाम दिसला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजचा एक तास या कामासाठीच राखून ठेवला, इयत्ता बाजूला सारून मुलांचे पातळीनुसार गट केले आणि देखरेख बसवली, तेव्हा हिंदीत सुधारणा झाली. गणित होते तेथेच राहिले. केनियातील कंत्राटी शिक्षकांच्या प्रयोगात तर एकच योजना स्वयंसेवी संस्थेकडून राबवली तेव्हा मुलांचे गुण वाढले, आणि सरकारी खात्याकडून राबवली तेव्हा वाढले नाहीत. या सर्वांतून दिसते ते इतकेच की शिकवणारा कोण, त्याला जाब विचारणारा कोण आणि दिवसातला कोणता वेळ, ही उपायाची बाहेरची परिस्थिती मानता येत नाही. ती उपायाचाच भाग आहे.

अँगस डीटन आणि नॅन्सी कार्टराइट यांचा आक्षेप याच ठिकाणी येतो: एका ठिकाणची सरासरी दुसरीकडे नेण्यासाठी परिणाम कसा घडला याचे ज्ञान लागते, आणि ते नुसत्या चिठ्ठ्यांतून मिळत नाही. तो आक्षेप मान्य करावा, पण त्यातून प्रयोगच नकोत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण बिहारमधील अपयश कळले तेही प्रयोगामुळेच. मानसशास्त्रात १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार जेमतेम ३६ टक्के अभ्यासांतच सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय परिणाम पुन्हा आढळला; तीही पडताळणी संशोधकांनी आपण होऊनच केली होती.

तेव्हा महाराष्ट्रात एखादा वाचनाचा किंवा गणिताचा कार्यक्रम ‘सिद्ध झालेला’ म्हणून शाळांत आणला जाईल, तेव्हा पालकांनी, शिक्षकांनी आणि वृत्तपत्रांनी शिक्षण विभागाकडे त्याचा पूर्ण अहवाल मागावा, आणि त्यात मुलांना कोणी शिकवले, केव्हा शिकवले आणि वर्षभरानंतर घेतलेल्या चाचणीत काय उरले, हे छापलेले आहे की नाही ते आधी पाहावे.