वाघाची शीव

मी मॅट्रिक झालेला साधा मास्तर. ‘आपलें गांव’ हा धडा मीं पुष्कळ वर्षें शिकविला. गांव, तालुका, जिल्हा अशी भाजणी फळ्यावर काढावयाची आणि मुलांकडून घोकून घ्यावयाची. परंतु डिंभ्याच्या परिसरांतील मुलांस गांव म्हणजे काय हें माझ्याआधीं वाघानें शिकविलेलें असतें, हें कळावयास मला फार उशीर लागला.

आंबेगांव-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी समाज आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतो. वाघोबाच्या ठाण्यापाशीं गुराखी खीर रांधतात. कांहीं मुलें वाघ, अस्वल, कोल्हा होतात. बाकीचीं त्यांस दटावून विचारतात कीं, आमच्या शिवेंत पुन्हां येशील काय? नाहीं म्हणवून घेतल्यावांचून सोडीत नाहींत. शीव म्हणजे नकाशावरील रेघ नव्हे. येथवर राखण आपली, पुढें दुसऱ्याची, हें कोल्ह्यामागें धांवतांना पायांसच कळतें. ज्यास पिटाळावयाचें त्याचीच पूजाही करावयाची, हा शेजारधर्म तर माझ्या पुस्तकांत नव्हताच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालापासून बोर्डीस खेड्यांतील मुलांना त्यांच्या भोंवतालच्या वस्तूंतून शिकविलें. आम्हांस मात्र वर्ग गप्प ठेवण्याचीच हौस दांडगी!

एके वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर मीं दुसरीच्या वर्गांत हाच खेळ मांडला. फरशीवर खडूनें शीव आखली. बिबट्या झालेला मुलगा पळेना. उलट त्यानेंच विचारलें, “तुमची शीव कोठें आहे?” एक मुलगी चटकन् म्हणाली, “पाण्याखालीं.”

वर्ग स्तब्ध झाला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत, तालुक्यास ज्याचें नांव आहे तें आंबेगांवच बुडालें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. हें मुलांनीं घरीं ऐकलेलें होतें. मग प्रश्न निघाले. पाणी कोणाकडे गेलें? कालव्यानें खालीं. तेथें काय झालें? ऊस. उसांत कोण राहतो? “मी!” बिबट्या ओरडला. माझी सबंध भाजणी त्या दिवशीं फळ्यावर चढलीच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलीची आजी शाळेंत आली. बुडालेल्या गांवची शीव कोणत्या ओढ्यापासून कोणत्या वडापर्यंत होती, वाघोबाचा दगड कोठें होता, तें तिनें खालीं बसून खडूनें काढून दाखविलें. सायंकाळीं केर काढणाऱ्या मुलांनीं तेवढी जागा सोडून बाकीची फरशी झाडली.