ताटलीत राहिलेला बलक



आज सकाळी नाश्त्याला उकडलेली अंडी होती. ताटल्या परत जाताना पाहिलं, तर बऱ्याच ताटल्यांत पिवळे बलक तसेच. तुमच्यातले काही जण माझे पेशंट आहेत, तेव्हा त्यातले थोडे बलक माझ्या सल्ल्यानंच राहिले असणार. म्हणून आज आरोग्यावर बोलण्याआधी कबुली देतो.

कित्येक वर्षं मी सगळ्यांना सरसकट सांगत आलो, 'पांढरं खा, पिवळं टाका.' आम्हाला शिकवलेलं असं : रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, बलकात कोलेस्टेरॉल आहे, म्हणून बलक वाईट. आपल्या भूमितीच्या बाईंनी यावर लाल रेघ ओढली असती. विधानं दोन्ही बरोबर, पण 'कारण'चा रकाना रिकामा! खाल्लेलं कोलेस्टेरॉल तेवढंच रक्तात वाढतं का?

1913 साली रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या. पण ससा पाला खाणारा. माणसाचं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरातच तयार होतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. आपण जास्त खाल्लं की बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन कमी करतं. 1968 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं आठवड्याला तीनच बलक सांगितले होते. दिवसाला 300 मिलिग्रॅमची ती मर्यादा 2015-20 च्या अमेरिकी आहार मार्गदर्शनातून निघाली. कोलेस्टेरॉल बेतानं खा, एवढं मात्र राहिलं.

माझ्या वडिलांना रोज सकाळी एक अंडं लागे. मी बलक बंद केला. नुसतं पांढरं त्यांना आवडेना, मग अंडंच सुटलं आणि चहाबरोबर खारी आली. वनस्पती तुपातली, माझ्या डोळ्यांदेखत. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल खरं वाढवतं ते असलं तूप, आणि मी बघत बसलो बलकाकडे. शेवटी शेवटी त्यांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागे. म्हातारपणी स्नायू झिजतातच, दोष अंड्याच्या माथी मारत नाही. पण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, त्यातली निम्म्याच्या जवळपास बलकात. ती मी काढून घेतली, याची रुखरुख आहे.

आता तुमचं. तब्येत धडधाकट असेल तर रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही. मधुमेह असेल, स्टेंट किंवा बायपास झालं असेल, घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असेल, तर आधी रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. माझं भाषण ऐकून गोळ्या बंद करू नका, प्लीज! भुर्जीत लोणी किती आणि सोबत पाव किती, हेही बघा. शाकाहारी मंडळींचं काही अडत नाही. उसळी, डाळी, दूध आहेच.

दुपारी अंडाकरी आहे असं आत्ताच कळलं. तर्री जपून घ्या. बलक मात्र ताटलीत ठेवू नका, मी फिरून बघणार आहे.