रक्ताची चाल

लखनौ शहरात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी 'जमघट' भरतो, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गच्च्यागच्च्यांवरून पतंगांचे पेच लढतात. आणि नबाबी अमदानीपासून जिवापाड जपलेल्या या शौकात, आपल्याकडे संक्रांतीला घडते तसेच, काचेची पूड चढवलेला तोच मांजा कोणाचे बोट, तर कोणा दुचाकीस्वाराचा गळा चिरून जातो. हत्यार एकच, परंतु जखमेतून येणाऱ्या रक्ताची चाल निराळी असते, आणि ती क्षणभर निरखून पाहण्याआधीच आपण आरडाओरडा करतो, ही खेदाची गोष्ट आहे.

बोट कापले की केशवाहिन्यांतून रक्त पाझरते व बहुधा आपोआप गोठते. नीला, म्हणजे हृदयाकडे परतणारी रक्तवाहिनी, कापली तर काळसर रक्त एकसारखे भळभळते. रोहिणी, म्हणजे हृदयाकडून निघणारी रक्तवाहिनी, तुटली असता मात्र लालभडक रक्ताच्या चिळकांड्या नाडीच्या ठोक्यासरशी उडतात. आणि प्रौढ देहातला रक्ताचा सगळा ऐवज अवघा सुमारे 5 लिटर असल्यामुळे तेथे विलंबाला मुळीच मुभा नसते. पाझरणे, भळभळणे, चिळकांडी उडणे हा भेद आपल्या घरगुती बोलीला पूर्वीपासून ठाऊक आहे. रात्रीच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून चालीवर भिस्त ठेवावी. शिवाय पुष्कळ रक्त गेल्यावर चिळकांडीही मंदावते, त्या मंदपणाला उतार समजणे ही प्राणघातक चूक होय.

प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने रक्त थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले. त्यांचा अंमल वैद्याकडे. पण स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर तळहाताने घट्ट दाबून धरणे कोणालाही साधेल. जखमेत हळद, चुना, चहापूड भरू नये. फडके भिजले तर ते उचलून न पाहता त्यावरच दुसरे ठेवावे. हातापायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, रुंद पट्टी करकचून आवळावी आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी.

गळ्याला मात्र असा बंध कदापि घालू नये. जेथून रक्त येते तेवढीच जागा दाबावी, 108 क्रमांकावर दूरध्वनी करवावा, आणि लखनौच्या चौक भागाजवळच्या, 1911 पासून चालू असलेल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठासारख्या ठिकाणी जखमी मनुष्य डॉक्टरांच्या हवाली होईपर्यंत, कृपा करून, जखमेवर दाबलेला हात उचलू नये.